दोनचा बिंदू

५ एप्रिल १९७६, सोमवार

जालन्याला आलो, आणि बरं केलं. नांदेडच्या गिरणीतून मोकळा झाल्यापासून हातांना गंज चढला होता. इथं बियाण्याच्या कारखान्यात काम मिळालं, गोदामामागं राहायला खोली मिळाली. एक खाट, एक रांजण, टिनाचं छप्पर. एकट्या जिवाला आणखी काय लागतं. लेक सत्यशीला मंठ्याला शिक्षिका आहे, ती रागावली. या वयात हातानं भाकरी थापत बसू नका, इकडं या म्हणाली. जावयाच्या घरी पाहुणा दोन दिवस गोड, म्हणून हसून टाळलं.

इथला मोठा वजनकाटा बराबर आहे का ते बघायला आधी स्वतःच चढलो. चौपन्न किलो.

७ एप्रिल, बुधवार

ज्वारीचं बियाणं पाच किलोच्या पिशव्यांत भरतात. बाया डब्याच्या मापानं भरतात, शिवतात, थप्पी लावतात. मागच्या साली पिशव्या कमी-जास्त निघाल्या, म्हणून मालक काकासाहेबांनी मला बोलावलं. माझं शिक्षण सातवी. तक्ता मांडायला शिकलो तो गिरणीतल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून, शब्दकोश मांडीवर घेऊन.

दर तासाला पाच पिशव्या छोट्या काट्याच्या पारड्यात ठेवायच्या, सरासरी काढायची, तक्त्यावर बिंदू द्यायचा. मधली रेघ सरासरीची. वर एक हद्द, खाली एक हद्द. बायांना समजावलं की एका हाताच्या दोन भाकरी सारख्या होत न्हाईत, तसंच पिशव्यांचं. हद्दीच्या आत थोडं वर-खाली झालं तर कुणाला बोलायचं न्हाई. बिंदू हद्दीबाहेर गेला, की समजायचं बाहेरचं काहीतरी घुसलं. ते शोधायचं.

मालनबाई म्हणाली, मास्तर, आमच्या पिशव्यांची कुंडली मांडून राह्यले, आता लग्नं बी जुळवा. सगळ्या हसल्या. मी बी.

दोनच्या ठोक्याला सगळ्या बाहेर लिंबाखाली चहाला जातात. दुर्गाबाई त्यांच्यात वडीलधारी. त्या म्हणाल्या, दोनचं वजन राहू द्या मास्तर, चहा घ्या. मी म्हणालो, तक्त्याला खिंडार चालत न्हाई.

९ एप्रिल, शुक्रवार

दोनचा बिंदू हद्दीच्या पार वर. पाचही पिशव्या तीनशे ग्रॅम जास्त. त्याच पिशव्या मोठ्या काट्यावर बिलकुल बराबर. अडीचनंतर छोटा काटाही बराबर. काल असंच झालं तेव्हा वाटलं, आपली नजर चुकली.

१० एप्रिल, शनिवार

आज पिशवी ठेवायच्या आधीच काटा बघितला. पारडं रिकामं, काटा तीनशेवर. स्प्रिंग उघडून बघितली, धूळ झटकली. दोष न्हाई. दुपारच्या उन्हात सगळं टिन तापलेलं, पण पारड्याची एक कड गार लागली. तळहाताएवढी.

१२ एप्रिल, सोमवार

दुर्गाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं. माझ्या आधी या काट्यावर झुंबरबाई होती. पुढंमागं कुणी न्हाई, अबोल बाई. दोन सालांपूर्वी अशाच उन्हाळ्यात, दोनच्या सुमाराला, खुर्चीत बसल्या बसल्या गेली. एक हात पारड्यावर. डुलकी लागली असेल म्हणून कुणी उठवलं न्हाई. दुर्गाबाई स्वतः पिशव्या ठेवत राह्यल्या, उचलत राह्यल्या. काटा तीन तास जास्त दाखवत होता. पाचला काम सुटल्यावर उठवायला गेल्या तेव्हा कळलं.

तेव्हापासून दोनला आत कुणी थांबत न्हाई.

तीन तास. त्या दिवशी तक्ता असता, तर पहिल्याच बिंदूला कुणीतरी मान वर करून बघितलं असतं.

१४ एप्रिल, बुधवार

जयंतीची सुटी. गावात गेल्तो, मिरवणूक बघितली. एका अनोळखी घरानं हाताला धरून जेवू घातलं. पण दीडच्या सुमाराला आठवलं. आज दोनला झुंबरबाईकडं बघणारं कुणीच न्हाई. परत आलो. रखवालदार रामकिसननं कुलूप काढलं, सुटीचं बी काम का म्हणून कुरकुरला.

काटा तीनशेवर होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि माझाही हात पारड्यावर ठेवला. बाई, टेका निवांत, म्हणालो. अवघडू नका, मी हाय.

किती दिवसांनी कुणाच्या शेजारी बसलो.

१५ एप्रिल, गुरुवार

नऊशे ग्रॅम.

१७ एप्रिल, शनिवार

पावणेदोन किलो. आता नुसता हात न्हाई, खांद्यापासून अख्खा दंड टेकलाय. मी तिच्याशी बोलतो. सत्यशीलाच्या लहानपणीचं सांगतो, तिच्या आईचं सांगतो. उत्तर येत न्हाई, पण ऐकणारं माणूस कळतं.

धोतर सैल व्हायला लागलंय. उन्हाळा.

१९ एप्रिल, सोमवार

मोठ्या काट्यावर चढलो. साडेएकावन्न. चौदा तारखेपासून तिचा भार वाढला अडीच किलो. माझा घटला अडीच किलो.

दोन्ही बिंदू एकाच कागदावर मांडले. एक रेघ वर जाते, एक खाली. रोजच्या रोज, ग्रॅमला ग्रॅम.

बाहेरचं काहीतरी घुसलं की शोधायचं, असं मीच शिकवलं. शोधायची गरज न्हाई. मीच बोलावलं.

२० एप्रिल, मंगळवार

दुर्गाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरून बघितलं आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, मेल्या माणसाला टेक म्हणत न्हाईत मास्तर, दोनचं सोडा, लेकीकडं जा, जल्दी. सत्यशीलाला पत्र न्हाई, थेट निरोपच धाडला त्यांनी. परवा मंठ्याला जाणारा टेम्पो मला घेऊन जाणार.

खरं आहे. जायला पाहिजे. पण मी गेलो तर दोनला तिच्याजवळ कोण —

२१ एप्रिल, बुधवार

पाच किलो तीनशे. मी एकोणपन्नास.

मालनबाईला हाक मारली. हातभर अंतरावरून गेली. बघितलं न्हाई. चेष्टा करत असेल.

रामकिसननंही न्हाई.

अंगणातल्या धुळीत माझी पावलं उमटत न्हाईत —

२२ एप्रिल, गुरुवार

पावणेदोन. ठरलं. दोनचा बिंदू आज देणार न्हाई. तक्त्यात खिंडार पडू दे. लेकीच्या हातची भाकरी खायची. टेम्पो फाटकात उभा आहे. फक्त तिला सांगून निघतो. न सांगता उठून जाणं बरं न्हाई.

दोन. डावा हात पारड्यात, उजव्यानं लिहून राह्यलो. बाई, राग मानू नका, म्हणालो. लेक वाट बघते. काटा साडेसातवर.

हात उचलला.

काटा तसाच —

हात वर आहे. दिसतो. पण त्याचं वजन खाली, पारड्यातच —

हॉर्न. दुर्गाबाई हाक मारून राह्यल्या. ओ दिली. पुन्हा दिली. दारात आल्या, आत बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडं. मंग मागं वळून टेम्पोवाल्याला म्हणाल्या की खुर्ची रिकामी आहे, मास्तर पुढं गेले वाटतं, तुम्ही निघा —

दुर्गाबाई, मी इथं —