आक्काचं रान राहिलं

कसबा बावडा, गुरुवार, १३ जून १९७४

थोरल्या बहिणीला, शिरोळच्या आक्काला, मीच म्हणालो होतो, बैल विकून टाक, माझा ट्रॅक्टर सगळ्यात आधी तुझ्याच रानात घालतो. तिनं बैल विकले. बैलांचं चार दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकतं, हे खोटं नाही. पण सोमवारी वाटेत एका बड्या ऊसवाल्यानं अडवलं. वीस एकरांचं काम. मला 'नाही' का म्हणता आलं नाही? तीन दिवस तिकडंच गेले.

आज गेलो, तर कालच्या पावसानं तिच्या रानात चाकं रुतायला लागली. पेरणी लांबली. आक्का बांधावर उभी होती.

"ट्रॅक्टर वाईट न्हाय रं," ती म्हणाली. "पर त्यो तुझा हाय. बैल माझं हुतं. बाजारात एखादी जोडी मिळती का बघ."

हो म्हणालो. ट्रॅक्टर मागं घेताना कुठं बघावं तेच कळेना.