उदाहरण आहे, अप्पा

३ फेब्रुवारी, सोमवार
सिद्धी आजही बोलली नाही. "चार दिवस राहते, अप्पा" म्हणत सासरहून, पुण्याहून, एक बॅग घेऊन आली. चार दिवस केव्हाच सरले. जेवते, भांडी घासते, खिडकीशी बसते. लग्नाआधी मीच शिवलेला कुर्ता आज तिच्या अंगात होता — खांद्यावरून उतरतोय! जन्मभर लोकांची मापं घेतली. आज टेप लागली नाही.

बायकोचं, महादेवीचं, एकच — "लगीन झालेली लेक पाव्हणीच असती. नांदायला पाठवा की आता!"

५ फेब्रुवारी
युक्ती केली. पोरगी लग्नाआधी शाळेत इंग्रजी शिकवायची. म्हटलं, दुबईच्या गणवेशाच्या ऑर्डरीत सारखा 'मेझर' येतो, तेवढा एक शब्द मला नीट शिकव.

खोटं! ते मेल कारखान्यातला आमचा कटिंग मास्तर मकदूम वाचतो, उत्तरंही तोच देतो. पण गप्प माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या हाताला त्याचं काम द्यावं. फूटपाथवर एक मशीन टाकून काजं-बटणं करत होतो, तेव्हापासूनचं शहाणपण.

"एका शब्दात काय शिकणार, अप्पा?"
"तूच सांग की, बाई."
हसल्यासारखी झाली.

६ फेब्रुवारी
मेझर म्हणजे माप. मोजणंही. आणि उपायसुद्धा — सरकार मेझर्स घेतं म्हणे! म्हटलं, आमच्यावाणी कंबरेचं घेतंय का? चक्क हसली.

'फॉर गुड मेझर' म्हणजे मोजून झाल्यावर वरनं टाकलेली मूठ. आपला वरताळाच की! साहेबालाही वरताळा ठाऊक आहे, बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
'मेझर अप' — अपेक्षेला उतरणं. म्हटलं, वाक्यात सांग. आधी इंग्रजीत म्हणाली, मग मराठीत — "तिनं कितीही केलं तरी त्यांच्या घराला ती कमीच पडते."

'हाफ मेझर्स' — अर्धवट उपाय. वाक्य — "आईशी बोलतो म्हणतो, आणि जाऊन टीव्ही लावतो."

ती कोण, तो कोण, विचारलं नाही. कान शाबूत आहेत माझे. शाळेच्या पुस्तकात राम आंबा खातो. तिथली वाक्यं अशी नसतात.

१० फेब्रुवारी
कारखान्यात लक्ष नाही. नुसता थकवा.

१२ फेब्रुवारी
आज साधा अर्थ घेतला. मोजणे. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली —

"सासू बाहेर जाताना डब्यातलं पीठ मोजून जाते."
"कुणाची सासू?"
"उदाहरण आहे, अप्पा."

आत महादेवीचं लाटणं थांबलं.

१३ फेब्रुवारी
जावई महेश्वरचा फोन. रविवारी आईला घेऊन येतो, हिला घेऊन जातो. आवाज साखरेचा. "तिला थोडं अॅडजस्ट करायला सांगा, मामा." मी "या" म्हणालो. का म्हणालो? सिद्धीला सांगितलं. तिनं मुकाट बॅग काढली.

मकदूमजवळ मन मोकळं केलं. कापड कापता कापता म्हणाला, "सेठ, आंखों से दिखरा ना? फिर लोगां से कायकू पूछते?"
म्हटलं, सोपं नाही बाबा. लिंबाचं रोपटं नव्हे, उपटून आणून परसात लावायला. चार लोकांत राहायचंय.
त्यानं कात्री खाली ठेवली. ते जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
दुपारी पाव्हणे येतील. 'पाठवत नाही' — दोनच शब्द. गिऱ्हाइकाला तासभर बोलून पटवणारा मी, आणि हे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. म्हातारा झालो का?

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
पाव्हणे चहा पिऊन उठले. मी गप्पच. महादेवीनं सिद्धीला बॅगेसकट उंबऱ्याबाहेर उभं केलं. वाटलं, संपलं! तर महादेवीनंच आतून तांदळानं भरलेलं माप आणून उंबऱ्यावर ठेवलं. नव्या सुनेला ठेवतात तसं. विहीणबाईंच्या देखत म्हणाली, "ओलांड गं. हे घर तुजं हाय."

सिद्धीनं पाय लावला. तांदूळ सगळे घरात सांडले.