मावरोपेत्रावरचा झेंडा

१९ जानेवारी १९९३

जेमाल गड्या,

स्तामातिसचा सलाम घे. माझी बायको कालिओपी कोठडीत तुझं जेवण पोचवते, तिच्याच टोपलीत पावाखाली हे पत्र ठेवतो आहे. तुझ्या क्रीटच्या आजीने तुला आमची ग्रीक भाषा शिकवली, पण वाचायची सवय कमी, म्हणून अक्षर मोठं काढलंय. सूप खारट असेल तर बोलू नकोस, ती रागावते.

शेळ्यांना यंदा अकरा करडं झाली. काळी शेळी घरी आहे, बाकीच्या मावरोपेत्राच्या खडकावरच अडकल्यात, कारण आता तिकडे जायची सोय नाही. खडकाच्या एका अंगाला आमची युद्धनौका, दुसऱ्या अंगाला तुमची. कालिओपी म्हणते, "दोघांनाही घरी जायचंय रे, पण आधी तोंड कोण फिरवणार?"

कॉफीच्या दुकानात हल्ली मला खुर्ची देतात. नगराध्यक्षांनी तर पाठ थोपटली, "तुम्ही त्या तुर्काची होडी पाहिलीत म्हणून, नाहीतर झेंड्याचा चोर सुटला असता!" होडी मी पाहिली होती, ते खरंच. तू मला दोन मासे दिलेस, आपण खडकाच्या आडोशाला सिगारेट ओढली आणि तू आल्या वाटेने गेलास, एवढं मात्र मी गिळलं.

अजून एक गिळलंय. तू गेल्यावर काळी शेळी व्याली. जुळं झालं. वारा असा की उभं राहवेना. एका करडाला माझा कोट गुंडाळला, दुसरं थरथरत होतं. मी खडकावरच्या खांबावरचा आमचा झेंडा ओढून काढला, त्यात ते बांधलं आणि दोघांना आणि त्यांच्या आईला होडीत घेऊन घरी आलो. संध्याकाळी परत लावू म्हटलं. तोवर गस्तीची बोट रिकामा खांब पाहून गेली होती आणि तुला धरलं होतं.

गस्तीवाले मला विचारायला आले तेव्हा ते करडू माझ्या चुलीशी त्याच कापडात निजलं होतं. मी दारातच उभा राहिलो, त्यांना आत येऊ दिलं नाही, आणि खडकापाशी तुझी होडी पाहिली एवढंच नावासकट सांगितलं.

परवा धीर करून आमच्या युद्धनौकेच्या कप्तानांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "गप्प बसा आजोबा. शेळीपायी झेंडा उतरला म्हटलं तर नौका माघारी न्यावी लागेल. उद्या आम्हाला भिईल कोण?"

"आणि जेमाल?"

"सुटेल की दोन-चार वर्षांनी."

मी मान डोलावली. जेमाल, मी मान डोलावून, टोपी घालून बाहेर आलो. लोक देशद्रोही म्हणतील, मुलीला सासरी टोमणे ऐकावे लागतील, हेच डोक्यात. तुझी बायको रुकिये वाट पाहत असेल, हे वाटेत सुचलं, तरी मागे फिरलो नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

हे पत्र फाडू नकोस. वकिलाला दे, कोर्टात मोठ्याने वाचायला सांग. मला बोलावलं तर येईन म्हणतो. पण माझ्या येण्यावर विसंबू नकोस. मी कसा आहे ते आता तुलाही कळलंय. म्हणून सही आजच करून ठेवतो.

झेंडा काढणारा आणि तुझं नाव सांगणारा,
स्तामातिस निकोलाऊ कालाफातिस