मागाचा खड्डा

आबा, तुमाला जाऊन लई वर्सं झाली. तवा म्या परकरातली पोर व्हते, आता माज्याच मांडीवर पोर हाय. शाळंत दोन यत्ता झाल्या, तेवढ्यावरच लिवतीया. चुकलं तर हसू नका, तुमी तरी कुठं शिकला व्हता.

आज मामंजी आन् थोरले भावजी आमचा माग काढून न्यायला आले व्हते. तुमाला तसलाच दिस ठावं हाय, मलाबी. चुलत्यानं तुमच्या मागाचे खांब उपटले, धागा ठोकायची फणी काखंत मारली आन् म्हनला, "आदी दारू सोड, मंग माग न्हे." तुमी उंबऱ्यात बसला. हात मांडीवर नुसते पडलेले. आई म्हनली, आता तरी सुदरतील. माग व्हता तवर तुमी दिवस मावळल्यावर प्यायचा. माग गेला आन् सकाळीच प्यायला लागला. दुसरं काय करणार सकाळी? पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा उघडाच पडला, त्यात कोंबडी अंडी घालायची. त्याच पावसाळ्यात तुमी गेला. चुलता अजून सांगतो, दारूनं खाल्ला. म्या म्हनते, रिकाम्या हातांनी खाल्ला. आन् आबा, तुमचाबी राग येतो मला. तुमी खड्ड्यातनं उठलाच का?

तुमचा जावई तुमी बगितला न्हाई. माणूस गुणाचा, घोंगडी लई चांगली इणत्यात, पर पित्यात. सकाळी हात असे थरथरत्यात की तुटला धागा जोडता येत न्हाई. मदी येकदा काठ वाकडे झाले, भोरच्या बाजारात गिऱ्हाइकानं घोंगडी उलटून बगितली आन् टाकून दिली. तवापास्नं हितंबी मामंजींची तीच बोली, आदी सोड, मंग माग.

म्या काय केलं सांगू? तुमी अंगणात उभं सूत ताणून त्येच्यावर कुंच्यानं चिंचोक्याची खळ चोपडायचा, सूत ताठ व्हावं म्हनून. ते काम तुमी सकाळीच धरायचा. तवा वाटायचं, तशीच रीत आसंल. आता उमगलं. तुमचेबी हात सकाळी थरथरायचे. खळीला हात हालला तरी चालतंय, कुंचा केवढा मोठा. उन्हं वर येईस्तवर हात ठिकाणावर यायचा, मंग तुमी मागावर बसायचा. म्या ह्यांच्या हातात सकाळी कुंचाच दिला. म्हनलं, "धागे म्या जोडते, तुमी खळ लावा." तवापास्नं काठ सरळ येतोय. पिनं सुटलं न्हाई, खोटं कशाला बोलू. पर कमी झालंय.

तरी आज मामंजी दारात येऊन भावजींना म्हनले, "काढ रं फणी." हे मान खाली घालून उभं ऱ्हायले. आगदी तुमच्यावानी. मला काय झालं कुणास ठावं, म्या पोर काखंत मारलं आन् मागाच्या खड्ड्यात उतरून बसले. बाईनं सूत कातायचं, मागावर बसायचं न्हाई. बसली तर माग बाटला म्हनत्यात.

"सूनबाई, ऊठ तितनं."

"न्हाई उठत."

"आगं, माग बाटवलास की!"

"बाटला न्हवं? मंग बाटलेला माग घरी न्हेऊन काय करता? ऱ्हाऊ द्या हितंच."

भावजींना हसू फुटलं, तोंड फिरवलं त्यांनी. संगं आलेल्या आत्याबाई, माजी सासू, चुलीपास्नं वरडल्या, "बापावर गेलीया! त्योबी असाच पिऊन वर तोंड करून बोलायचा."

"व्हय, त्येचीच हाय," म्या म्हनलं. "त्येचा माग काढला, म्हनून सुटली का त्येची दारू? ह्यांची सुटंल तवा सुटंल. माग काढू देणार न्हाई."

भावजींनी काढलेली फणी खाली ठिवली. मामंजी जाताना म्हनले, "फुडल्या बाजाराला काठ वाकडा आला, तर खड्डाच बुजवतो." बुजवतील बी. त्यांचं काय सांगता येत न्हाई.

मंग ह्यांनी पोराला माज्याकडनं घेतलं आन् म्हनले, "ऊठ आता, आंग गारठंल." आन् बाहेर जाता जाता म्हनले, "उद्या रंगीत काठाचं लावू का?" रंगीत काठ लग्नाच्या घोंगडीला असतो, त्येला हात लई थिर लागतो. आपल्या तोंडानं कदी मागितलं न्हवतं त्यांनी. म्या म्हनलं, "लावा. वाकडा आला तर पोराला पांघरू."

ह्यो कागद धाडू कुठं? तुमच्या गावाला टपाल जात न्हाई. सकाळी खळ शिजवताना चुलीत घालीन. तेवढं येक सांगते, कुणाला बोलले न्हाई. खड्ड्यात बसले तवा माजे पाय लटलटा कापत व्हते. वर समद्यांस्नी माजं तोंडच दिसत व्हतं, आबा. पाय कुणालाच दिसलं न्हाईत.