धुक्यातले पास

४ नोव्हेंबर

पुन्हा कडेला! कोचसरांनी मधली जागा कप्तानाला दिली अन् मला म्हणाले, "तू घोडा आहेस रे. तुझ्या लोकांचे पाय पळायलाच घडवलेत. डोकं चालवायला मध्ये आहेत ना माणसं!" सगळे हसले. मीही हसलो — त्याचाच जास्त राग येतोय. या फुटबॉल संघात काळ्या कातडीचे आम्ही चौघं; बाकी सगळे गोरे, कप्तानही. चौघंही कडेला.

घरी आईचं एकच — "कॉलेज सोडलंस ना? मग आता पळ!"

५ नोव्हेंबर

फिजिओनं घोट्याला पट्टी बांधली. तिची बोटं गार. "घट्ट बांधा," म्हटलं. "घट्टच आहे. तुम्ही आधी श्वास घ्या!" दिवसभर तरंगतोय.

७ नोव्हेंबर

क्लब मला विकणार म्हणे. कडेला पळणारे फार झालेत! रविवारच्या सामन्यात मध्ये खेळून दाखवलं, तरच राहीन. नाहीतर दुसरं गाव, घोट्यावर दुसऱ्याच कुणाची बोटं. नको! सरांना तोंडावर सांगितलं, "मला मध्ये खेळवा." म्हणाले, "बघू." म्हणजे नाहीच.

९ नोव्हेंबर

सरावाला एवढं धुकं की गोलचे खांब विरघळलेले. सगळ्यांच्या कानटोप्या, हातमोजे, गळ्यापर्यंत सारखीच करडी जाकिटं. आज कुणाला रंगच नव्हता! सरकत सरकत मध्ये आलो. कप्तानानं पाहिलं अन् गुपचूप कडेला गेला. भला माणूस.

मग काय झालं कुणास ठाऊक. चेंडू झोपेत चालत आल्यासारखा माझ्याकडे यायचा. मी पावलांचा कानोसा घ्यायचो अन् त्या पांढऱ्यात सोडून द्यायचो. पलीकडून कुणीतरी — "मिळाला!" पुन्हा — "मिळाला!"

काठावरून सरांची हाक आली. "वा रे कप्तान! याला म्हणतात डोकं!"

ओरडणार होतो, मी आहे! नाही ओरडलो. इतक्या मायेनं सर माझ्याशी कधी बोललेच नव्हते. ऐकतच राहिलो.

१० नोव्हेंबर

रविवारचा संघ लागला. मध्ये कप्तान. मी राखीवांतसुद्धा नाही! खुर्चीला लाथ घातली. फिजिओ म्हणाली, "तिनं काय केलंय? ज्यानं केलंय त्याला विचारा की!"

११ नोव्हेंबर

विचारायला गेलो, तर कप्तान आधीच सरांच्या खोलीत. दाराशीच थांबलो.

"सर, धुक्यातले ते पास माझे नव्हते. त्याचे होते."

"माहीत होतं रे. पण क्लबचे मालक शेजारी उभे होते — त्यांना मध्ये तुझ्यासारखा दिसणाराच हवाय."