रंग न आलेली नळी

वरठी,
१८ जून १९८५

प्रिय यादोराव,

पत्र लांबेल, आधीच सांगतो. मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, एखादी गोष्ट सांगायची तर पहिल्यापासून, मधलं काही न गाळता सांगायची सवय लागली आहे. तुला ठाऊक असलेलंही यात पुष्कळ येईल. तरी शेवटपर्यंत वाच.

आधी ललिताची खबर. तिच्या डोळ्यांची लाली पूर्ण गेली. अंगावरचं पुरळही गेलं. पण ती हौदात उतरत नाही. शेठजींनी तुझ्या जागी बंगल्यात काम करणाऱ्या मंदाबाईच्या जावयाला ठेवलं आहे, चांगला माणूस आहे, पण पोरगी काठावर बसते, पाय पाण्यात सोडते आणि उठून जाते. पोलिओ झालेल्या पायाला पाण्यातच बळ येईल असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून परसराम शेठजींनी लेकीसाठी राइस मिलच्या मागे, बंगल्याच्या अंगणात, एवढा मोठा हौद बांधला. तिला पाण्यात घेऊन उतरणारा माणूस पाहिजे होता, तेव्हा मी तुझं नाव सुचवलं. आंधळगावच्या तलावात तू मला पोहायला शिकवलंस तेव्हा आपण दोघं ललिताएवढेच होतो. तू तिच्या पोटाखाली हात धरून तिला चालवलंस, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती हौद आडवा स्वतःच्या बळावर पार करून गेली. तिची आई निर्मलाबाई काठावर उभ्या राहून रडत होत्या, तू मात्र लगेच पालापाचोळा काढायला लागलास.

पाणी तपासायचं काम माझं होतं. मला त्याची हौस होती हे मी लपवत नाही. पहिली दोन वर्षं आपण थेंबांची शिशी वापरली, नळयोजनेवाले वापरतात तीच. नळीत हौदाचं पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो तो पट्टीवरच्या रंगाशी जुळवायचा. फिकट पिवळा आला की पाणी ठीक. अगदी पांढरं, म्हणजे बिनरंगी राहिलं तर ब्लीचिंग पावडर कमी. मी तुला शिकवलं होतं की पाणी वरवरचं घ्यायचं नाही, कोपरापर्यंत हात बुडवून घ्यायचं, नळी झाडाच्या सावलीत न बघता मोकळ्या आभाळाकडे धरायची, आणि शिशी उन्हात ठेवायची नाही, थेंब नासतात. तू हे एकदा ऐकलंस आणि कधी चुकला नाहीस.

या वर्षी मार्चमध्ये शेठजींच्या मेहुण्यांनी परदेशातून नवी पेटी आणली. तिच्यात थेंब नव्हते, चांदीच्या कागदातल्या बारीक गोळ्या होत्या. गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं, आणि जितकं गुलाबी तितकी पावडर. मला ती इतकी आवडली की जुनी शिशी मी त्याच दिवशी कपाटात टाकली. ही जास्त अचूक आहे, असं मी शेठजींना सांगितलं. ते खोटं नव्हतं. फक्त पेटीतला इंग्रजी कागद मी अर्धाच वाचला होता.

मेच्या सुरुवातीला पावडरचा नवा डबा आला. त्यातली पावडर जुनीपेक्षा दुपटीहून तेज होती. तसं डब्यावर छापलं होतं. तुला इंग्रजी येत नाही, मला येतं, आणि वाचायचं काम माझं होतं. मी वाचलं नाही. तू जुन्याच मापाने रोज संध्याकाळी पावडर टाकत राहिलास. सकाळी मी गोळी टाकली तर नळीत रंगच नाही. मी तुला माप वाढवायला सांगितलं. तू वाढवलंस. तरी नळी पांढरी. पुन्हा वाढवायला सांगितलं. तिकडे ललिताचे डोळे लाल झाले, अंगाला खाज सुटली. निर्मलाबाई म्हणाल्या, पाण्यात औषध पडत नाही, म्हणून पोरीला घाण पाणी बाधलं. डबा तर भराभर रिकामा होत होता. मग पावडर जाते कुठे?

शेठजींनी मला विचारलं तेव्हा तू तिथेच उभा होतास. मी म्हणालो, "शेठजी, नळी खोटं बोलत नाही. पाण्यात पावडर नाही." एवढंच म्हणालो. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, पण तो उच्चारायची कोणाला गरजच उरली नाही. लहानपणापासून मला घनश्याम म्हणणारा तू, त्या दिवशी मला गुरुजी म्हणालास. "गुरुजी, पान्याले नाक लावून पाहा. नळीत रंग नाई म्हणून पान्यात पावडर नाई, असं कसं? माझ्या दुपट्ट्याचा रंग उडून राहिला, तो पाहा." मी दुपट्टा पाहिला. तुझ्या खांद्यावरचा निळा दुपट्टा ठिकठिकाणी पांढरा पडला होता. पाहिला, आणि शेठजींच्या समोर माझं बोलणं मागे घ्यावं लागेल म्हणून नजर वळवली. शेठजींनी तुला कामावरून काढलं, तू पावडरच्या खोलीची किल्ली ओट्यावर ठेवलीस आणि सायकल घेऊन निघून गेलास.

तू गेल्यावर दोन दिवस हौदात कोणी चिमूटभरही पावडर टाकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी गोळी टाकली आणि नळीतलं पाणी गडद गुलाबी झालं. मी नळी तशीच काठावर ठेवली. मग घरी जाऊन तो इंग्रजी कागद पूर्ण वाचला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पावडर फारच जास्त झाली तर ती गोळीचा रंगच खाऊन टाकते. पाणी पांढरं दिसतं, जणू पावडर नाहीच. दोन दिवसांच्या उन्हाने पावडर उडाली, तेव्हा कुठे रंग दिसायला लागला. म्हणजे तू रोज टाकत होतास, आणि मी सांगितलं म्हणून जास्त टाकत होतास. ललिताचे डोळे माझ्यामुळे लाल झाले.

हे कळल्यावर मी चार दिवस गप्प बसलो. हेही लिहितो, कारण ते घडलं आहे. पाचव्या दिवशी बंगल्याच्या ओसरीवर शेठजी, निर्मलाबाई, मुनीम आणि मिलमधली माणसं यांना बोलावलं. बादलीभर विहिरीच्या पाण्यात तू टाकायचास त्या हिशेबाने पावडर कालवली. गोळी टाकली, रंग आला नाही. मग त्यातलंच एक माप पाणी आणि नऊ मापं साधं पाणी एकत्र केलं, पुन्हा गोळी टाकली, लख्ख गुलाबी. जुन्या शिशीतले थेंब मूळ पाण्यात टाकले, तर ते पिवळं न होता विटकरी झालं. शेठजींनी नळी हातात घेऊन आभाळाकडे धरली. मग म्हणाले, "गुरुजी, त्या माणसाले मी तुमच्या भरवशावर काढलं." मी म्हणालो, होय.

आता गोळ्या आणि थेंब दोन्ही वापरतो. गोळीने रंग दिला नाही तर आधी पाणी पातळ करून बघायचं, मगच माणसाकडे वळायचं, हे मी नव्या माणसाला शिकवलं आहे. काम मी सोडलेलं नाही. मला ते येतं, आणि आता जास्त चांगलं येतं.

तुझा पत्ता धनीरामकडून मिळाला. तुझा सख्खा भाऊ, तो आधी माझ्याशी बोलायलाच तयार नव्हता. मग त्यानेच सांगितलं की आंधळगावात अजून कुजबुज चालते, आणि पावडरचोर हे नाव तू आता राहतोस त्या चिखल्याच्या खाण कॉलनीतही तुझ्याआधी पोचलं, म्हणून ठेकेदार तुला गोदामाच्या कामाला हात लावू देत नाही. हे पत्र त्यासाठी आहे. माफी तर मी रविवारी येऊन तुझ्यासमोर मागणारच आहे, घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं ते तू आणि धुरपतावहिनी ठरवा. शेठजी तुला परत बोलावतात, त्याचंही तूच बघ. पण पत्र एकट्याने वाचून ठेवून देऊ नकोस. वहिनींना वाचून दाखव, शेजाऱ्यांना दाखव, ठेकेदाराच्या टेबलावर ठेव. कोणालाही समजावं म्हणून सगळं एवढं फोडून लिहिलं आहे. चूक माझी होती, यादोरावने एक चिमूटही पावडर घेतली नाही, हे मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहितो आहे, आणि खाली पूर्ण नाव घालतो आहे. कोणी विचारलं तर मला बोलाव, मी नळ्या घेऊन येईन.

तू मानलंस तर अजूनही तुझाच,
घनश्याम बाबूलाल पटले,
विज्ञान शिक्षक, वरठी