हत्ती डाव्या बाजूला होता

शुक्र. ६ जाने. २०१७, माबेला

दुरुस्ती. केनियात मामाकडे असताना ३० डिसेंबरला लिहिलं होतं : "हत्ती जीपला जवळजवळ घासून गेला, पण बाबा जराही घाबरले नाहीत." पहिला भाग खरा. दुसरा मी नुसता धरून चालले. काल इथे आखातात परतताना विमानात पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. बाबा पुढे, मामाशेजारी. काच बंद. हत्ती त्यांच्या डाव्या हाताला. कुणी बोलत नव्हतं, आईने माझं मनगट आवळून धरलेलं. बाबा संत्रं सोलत होते. साल अखंड निघाली म्हणून मागे वळून मला दाखवली. हत्ती पुढे जाऊन वाटेवर आला तेव्हा म्हणाले, "अरे, हा कुठून आला?"

सगळे हसले. मामा म्हणाला, "भावोजी, जिगर लागते याला!"

बाबांनी विनोद केलाच नव्हता. त्यांना हत्ती दिसला नव्हता.

शनि. ७ जाने.

सुट्टीचे सगळे दिवस उलटे तपासतेय. मामाचं घर घायपाताच्या मळ्यावर, अभयारण्याच्या कुंपणापासून चालत जाण्याइतकं. संध्याकाळी अंगणातून पाणवठा दिसायचा. मामा म्हणायचा, "ते बघा झेब्रे." बाबा म्हणायचे, "वा!" आणि मग मामा कुठे बघतोय ते बघायचे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं आई म्हणाली. पण समोरच्या टेकडीवरचे जिराफ तर बाबांनीच सगळ्यांच्या आधी दाखवले. लांबचं दिसतं. बाजूचं नाही.

लहानपणी इब्रीच्या पुढे वाळवंटात, बाबांच्या कंपनीच्या कॅम्पवर राहत होतो तेव्हा जवळ शाळा नव्हती. दोन वर्षं बाबाच माझी शाळा. पाहिलेलं एका ओळीत लिहायचं, वाटलेलं दुसऱ्या. मिसळलं की पुन्हा लिहायला लावायचे.

पाहिलेलं वर लिहिलं आहे. वाटलेलं

सोम. ९ जाने.

शाळा सुरू. नेहमीसारखे कंपनीच्या पिकअपमधून बाबा, मी आणि मागच्या सीटवर शेजारची अनु. मी शिकवते त्याच शाळेत ती दुसरीत आहे. इथे राउंडअबाऊटला, गोल चौकात, गाड्या डावीकडून येतात. प्रत्येक वेळी बाबा म्हणतात, "बघ गं डावीकडे." मी म्हणते, "थांबा... हं, या." वर्षभर हे चाललंय. मी लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली, रांगेत उभ्या केलेल्या ड्रमांच्या मधून गाडी मागे घेताना. म्हणून शिकवतायत, असं समजत होते.

आम्हाला सोडून ते हमरियाला, मजुरांच्या वस्तीत जातात. तिथून चार गवंडी गाडीत घेऊन साइटवर. तेव्हा डावीकडे कोण बघतं?

शुक्र. १३ जाने.

बाबांना अल हैलच्या किनाऱ्यावर फिरायला नेलं. आई नको, म्हणून तिची पोळ्यांची वेळ साधली. विचारलं. चिडतील असं वाटलं होतं.

"काचबिंदू," म्हणाले. जसं काही मी बाजारभाव विचारला. "मागच्या सुट्टीत मिरजेला दाखवलं. गेलेलं परत येत नाही. आहे ते थेंब घालून राखायचं."

"गाडी चालवू नका म्हणाले?"

"डॉक्टर काय, मीठसुद्धा खाऊ नका म्हणतात."

थोडं चालून : "समोरचं मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

आणखी चालून : "एप्रिलमध्ये व्हिसा रिन्यू होऊ दे. गाडी सोडली तर सुपरवायझरचं काम काय उरतं? घालवतील. साठीला दोनच वर्षं राहिलीत, तेवढी कळ काढ. आणि आईला सांगू नको."

थेंबांची बाटली गाडीच्या कप्प्यात असते, रुमालात गुंडाळून.

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं असणार.

शनि. १४ जाने.

आईचं हळदीकुंकू. हत्तीची गोष्ट आता तिला पाठ झाली आहे. "हत्ती हा इथे, कान सुपाएवढा, आणि आमचे हे संत्रं सोलतायत! घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढतात, तेच हे!" बायका हसून लोळायच्या बाकी. अनुच्या आईला मराठी येत नाही, तिच्यासाठी पुन्हा हिंदीत, अभिनयासकट. ती म्हणाली, "अंकल के साथ अनु जाती है तो मेरे को टेन्शन ही नहीं."

मी आत जाऊन लाडू एका डब्यातून दुसऱ्यात भरत बसले.

बाबा बाहेरच होते. बायका गेल्यावर आले.

मंगळ. १७ जाने.



सकाळी राउंडअबाऊटला माझा फोन वाजला, शाळेतून. मी बोलत होते. बाबा थांबून राहिले. मागून हॉर्न, मग आणखी हॉर्न. बाबा निघाले. डावीकडून पाण्याचा निळा टँकर. त्याने दाबलेल्या ब्रेकचा आवाज. अनुने खिडकीतून हात बाहेर काढला असता तर टँकरला लागला असता, इतक्यावर. टँकरवाला उतरून ओरडत होता. बाबा "सॉरी भाई, सॉरी".

अनु म्हणाली, "अंकल, यू डिडन्ट सी?"

"पाहिला की," बाबा मराठीत म्हणाले. तिला मराठी कळत नाही.

बुध. १८ जाने.

अनुच्या आईला सांगितलं, उद्यापासून तिला स्कूलबसने पाठवा.

"हमसे कुछ गलती हुआ क्या?"

कारण शोधत होते. शाळेची वेळ, माझी ड्यूटी. एकही तोंडातून निघेना. म्हटलं, "पापा की आँखें ठीक नहीं हैं. बगल का नहीं दिखता."

तिने विचारलं, "और वो हाथी?"

"नहीं दिखा था."

तिने माझा हात धरला, किसी को नहीं बोलूँगी म्हणाली. हे मला नको होतं. आता लपवणारे तीन झाले. आणि ते चौघे गवंडी उद्याही त्याच गाडीतून जाणार. त्यांना कुणी सांगितलंय?

संध्याकाळी बाबा : "अनु बसने जाणार म्हणे." बस एवढंच.

गुरु. १९ जाने.

आई खाली भाजी आणायला गेली तेव्हा बाबांशी बोलले. म्हटलं, तुम्ही कंपनीच्या मालकाला, अर्बाबला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.

"कधी?"

"रविवारी. शुक्र-शनिची सुट्टी संपून ऑफिस उघडल्यावर."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मग तिघांनी मिरज," म्हणाले. "आईला तिथलं पाणी आता मानवत नाही." मग म्हणाले, "रविवारी लवकर निघ. ऑफिसच्या रस्त्याला सीबपासून गर्दी लागते. का मीच सोडू?"

टोमणा वाटला नाही. खरंच विचारत होते. हेच सहन होत नाही.

शनि. २१ जाने.

दोन दिवस गाडी जागची हलली नाही. आज बाबांनी ती आतून-बाहेरून धुतली. आई गॅलरीतून : "वरातीत न्यायचीय का हो?" ते हसले. किल्ली परत खिशात घातली. अर्बाबला फोन केलेला मी तरी ऐकला नाही. आईला आम्ही दोघांनीही काही सांगितलेलं नाही.

शाळेत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. टॅक्सी ठरवली. ते आधी अर्बाबकडे आत गेले तर मी बाहेर उभी राहीन. नाही गेले तर मी जाईन.

उद्या. रविवार, २२ जानेवारी.